बर्फ सोसणारं सायकॅड थंड देशातल्या बागेत का मरतं?

दक्षिण आफ्रिकेच्या ड्राकेन्सबर्ग पर्वतात एन्सेफलार्टोस घेलिंकी नावाचं एक सायकॅड, म्हणजे पामसारखं दिसणारं झाड, उगवतं. दोन हजार मीटरच्याही वर, उघड्या गवताळ उतारांवर. हिवाळ्यात तिथे बर्फ पडतो, रात्री पारा शून्याच्या खाली जातो आणि हे झाड डोक्यावर बर्फ घेऊन निवांत उभं असतं. हेच झाड कुणी हौसेने पश्चिम युरोपातल्या एखाद्या बागेत लावलं, जिथला हिवाळा त्या पर्वतापेक्षा सौम्य आहे, तर दोन-तीन वर्षांत खोडाचा गाभा कुजून ते जाण्याची शक्यता दाट असते. थंडी कमी पडते, झाड मात्र हातचं जातं.

थंड प्रदेशात सायकॅड, केळी, वृक्षनेचे (झाडासारखे वाढणारे फर्न), पाम अशी 'उष्ण' झाडं लावणाऱ्यांची संख्या वाढते आहे आणि त्यातल्या बहुतेकांना हे कोडं कधी ना कधी पडतंच. रोपाच्या चिठ्ठीवर 'उणे 7 अंशांपर्यंत चालतं' असं छापलेलं असतं. हिवाळ्यात पारा उणे 4च्या खाली गेलेला नसतो. तरी वसंतात झावळ्या तपकिरी, शेंडा मऊ. चिठ्ठी खोटी नसते, अपुरी असते. झाडाला मारतो तो गारठा, ओल आणि उन्हाळ्याची उणीव यांचा मेळ, आणि माझ्या मते यातला गारठा हा तुलनेने सरळ शत्रू आहे. बाकीच्या दोघांची कुणी चौकशीच करत नाही.

आधी ओळख: सायकॅड हे पाम नव्हे

लांबून पाहिलं तर सायकॅड ताडामाडांच्या कुळातलं वाटतं. जाड खवलेदार खोड, शेंड्यावर झावळ्यांचा घेर. नात्याने मात्र ते पाइन आणि देवदार यांच्या बाजूचं आहे. त्याला फुलं येत नाहीत, बिया फळात बंद नसतात, नर झाड वेगळं आणि मादी झाड वेगळं असतं. जगात सायकॅडच्या साडेतीनशेहून अधिक जाती आहेत. बागांमध्ये सर्वांत जास्त दिसते ती सायकस रेव्होल्यूटा. ही मूळची दक्षिण जपानकडची, आणि बाजारात 'सागो पाम' या चुकीच्या नावाने ती सर्रास विकली जाते.

त्याच्या दोन सवयी लक्षात ठेवल्या तर पुढचं सगळं सोपं जाईल. पहिली म्हणजे, सायकस एकेक करून पानं काढत बसत नाही. बराच काळ शेंडा गप्प असतो, मग एके दिवशी केसाळ कोंबांचा झुबका वर येतो आणि सगळी नवी पानं काही आठवड्यांत एकदमच उलगडतात. त्या वेळी ती इतकी कोवळी असतात की हाताचा धक्का लागला तरी वाकडी होतात, आणि एकदा वाकडी झाली की तशीच राहतात. नंतर ती चामड्यासारखी टणक होतात आणि बरीच वर्षं टिकतात. दुसरी सवय, खोड म्हणजे स्टार्चचं कोठार. पानांनी उन्हात जे कमावलं ते खोडात साठतं आणि पुढच्या पानांचा खर्च त्यातूनच भागतो. बँकेतल्या ठेवीसारखं.

जाता जाता एक. कुंडीत मातीच्या वर फाटे फुटलेल्या जाड, हिरवट गाठी दिसल्या तर रोग समजून कापू नका. त्या मुळांमध्ये नीलहरित जिवाणू राहतात आणि हवेतला नायट्रोजन झाडाला पुरवतात.

झाडाला थंडी बाधते म्हणजे आत काय होतं?

इथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि बोलताना आपण त्या एकत्र करून टाकतो.

एक आहे गारठ्याची बाधा. ही शून्याच्या वरही होते. खऱ्या विषुववृत्तीय झाडांच्या पेशींचं आवरण ज्या स्निग्ध पदार्थांचं बनलेलं असतं ते दहा-बारा अंशांच्या आसपास घट्ट होऊ लागतं आणि पेशीचा कारभार बिघडतो. केळं फ्रिजमध्ये काळं पडतं ते याचमुळे, तिथे काहीही गोठलेलं नसतं. अशी झाडं थंड प्रदेशात उघड्यावर लावण्यात अर्थच नाही. त्यांना हिवाळाभर ऊब लागते.

दुसरी आहे गोठण्याची इजा. पारा शून्याखाली गेला की बर्फ आधी पेशींच्या बाहेर, दोन पेशींमधल्या फटींमध्ये धरतो. हा बर्फ पेशीच्या आतलं पाणी बाहेर ओढून घेतो. म्हणजे गोठणारी पेशी प्रत्यक्षात कोरडी पडत असते. काटक झाडं हा कोरडेपणा सोसतात. शरदातले लहान होत जाणारे दिवस आणि हळूहळू वाढणारा गारठा हा इशारा धरून ती पेशींमध्ये साखर वाढवतात, आवरणातल्या स्निग्ध पदार्थांची घडण बदलतात. या तयारीला आपण काटकपणा येणं म्हणू. तयारी नसताना, किंवा पारा फार वेगाने घसरला तर, बर्फ पेशीच्या आतच धरतो. मग ती पेशी वाचत नाही. पाणी वाहून नेणाऱ्या नळ्यांमध्येही गोठताना हवेचे बुडबुडे तयार होतात आणि वितळल्यावर त्या नळ्या निकामी होऊ शकतात.

म्हणून डिसेंबरातली उणे 5 आणि ऑक्टोबरातली उणे 5 या झाडाच्या दृष्टीने दोन वेगळ्या थंड्या आहेत. एप्रिलमधली तर तिसरीच, कारण तोवर झाडाने तयारी मोडलेली असते.

मग चिठ्ठीवरच्या आकड्याचा उपयोग काय?

आहे, पण बेताचा. अमेरिकेच्या कृषी खात्याने 1960 साली पहिल्यांदा काटकपणाचे पट्टे दाखवणारा नकाशा काढला. त्याची ताजी आवृत्ती 2023ची आहे. दर हिवाळ्यातली सर्वांत थंड रात्र घ्यायची, तीस वर्षांची सरासरी काढायची, त्यावरून पट्टा ठरवायचा. ब्रिटनमध्ये रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने एच 1 ते एच 7 अशी स्वतःची श्रेणी केली आहे. एच 1 म्हणजे काचघरातच ठेवायचं, एच 7 म्हणजे कडाक्याच्या थंडीतही बिनघोर.

पट्टा नववा म्हणजे सरासरी नीचांक उणे 6.7 ते उणे 1.1 अंश. सरासरी म्हटली की साधारण निम्म्या वर्षी त्याहून कडक रात्र येणार हे ओघानेच आलं. शिवाय तो आकडा एका रात्रीचा आहे. पारा पहाटे दोन तास उणे 6 वर टेकून सकाळी दहाला 8 वर आला, तर जाड खोडाच्या आतपर्यंत गारठा पोचायला वेळच मिळत नाही. तोच पारा चार दिवस शून्याच्या वर आलाच नाही, तर खोडही गोठतं आणि कुंडीतली मुळंही. चिठ्ठीवर हा फरक छापायला जागा नसते.

सायकस रेव्होल्यूटाची पानं साधारण उणे 5-6च्या आसपास करपू लागतात, खोड थोड्या वेळापुरतं त्याहून अधिक सोसतं. लहान रोपाला हा हिशेब लागू नाही. खोड जितकं जाड, तितकी तग जास्त. तीन वर्षांचं रोप आणून पहिल्याच हिवाळ्यात बाहेर उभं करणं हा झाडावर अन्याय आहे.

गुन्हेगार नंबर दोन: ओल

ड्राकेन्सबर्गमध्ये पाऊस उन्हाळ्यात पडतो आणि हिवाळा कोरडा ठाक असतो. चीनच्या सिचुआन आणि युन्नान प्रांतांमधल्या जिन्शा नदीच्या खोऱ्यात वाढणारी सायकस पान्झिह्वाएन्सिस ही सर्वांत काटक सायकॅडपैकी एक मानली जाते. तिचाही हिवाळा गार पण कोरडा. पश्चिम युरोपाच्या किनाऱ्यावर नेमकं उलटं आहे. तिथे हिवाळा म्हणजे महिनोन्‌महिने रिपरिप, ढग आणि कधीच न वाळणारी माती.

गार मातीत मुळं जवळपास झोपलेली असतात. ती पाणी उचलत नाहीत. साचलेल्या पाण्यामुळे मुळांना हवा मिळत नाही आणि मुळकूज आणणाऱ्या बुरशींना मोकळं रान मिळतं. वर शेंड्यात, झावळ्यांच्या बुडाशी, पावसाचं पाणी साठतं, रात्री गोठतं, दिवसा वितळतं. दर वेळी थोडी ऊती फाटते आणि त्या जखमेतून कुज आत शिरते. डिसेंबरात झालेली ही इजा दिसते मे महिन्यात, आणि दोष जातो मार्चमधल्या एखाद्या थंड रात्रीला.

उपाय कंटाळवाणा आहे पण पर्याय नाही: निचरा. खड्डा खणून त्यात चांगली माती भरणं पुरत नाही. भोवतालची जमीन चिकण असेल तर त्या खड्ड्यातच पाणी साचतं. जमिनीवर फूटभर उंच ढीग करून त्यावर झाड लावायचं. मातीत निम्म्यापर्यंत बारीक खडी, भरड वाळू किंवा प्यूमिस (ज्वालामुखीचा हलका, सच्छिद्र दगड). ज्यांचं खोड जमिनीवर वाढतं, त्यांचा गड्डा मातीत गाडायचा नाही, बुडाशी थोडा दिसला पाहिजे. शेणखत भरपूर घालण्याची आपली सवय इथे आवरावी, ते ओल धरून ठेवतं.

फ्लोरिडातली झामिया इंटेग्रिफोलियासारखी काही सायकॅड याला अपवाद आहेत. त्यांचं खोड जमिनीखालीच असतं. त्यांची मुळं आकसतात आणि वाढीचा शेंडा मातीत खाली ओढून घेतात. वणव्यातून आणि थंडीतून वाचण्याची ही त्यांची जुनी युक्ती आहे. वरची पानं गेली तरी वाढीचा शेंडा शाबूत राहतो. अर्थात निचरा त्यांनाही हवाच.

गुन्हेगार नंबर तीन: न तापणारा उन्हाळा

हा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण तो हिवाळ्यात दिसतच नाही.

लंडन आणि टेक्सासमधलं ऑस्टिन, दोन्ही शहरं काटकपणाच्या नवव्या पट्ट्यात मोजली जातात. नकाशावर जुळी भावंडं. पण जुलैची सरासरी दुपार लंडनमध्ये 23-24 अंशांची आणि ऑस्टिनमध्ये 35च्या वरची. फेब्रुवारी 2021 मध्ये टेक्सासात जी थंडीची लाट आली तिच्यात ऑस्टिन आणि सॅन अँटोनियोत पारा उणे 10च्याही खाली गेला. गावोगावच्या सायकसच्या झावळ्या करपून गवताच्या रंगाच्या झाल्या. काही झाडं गेली, पण अनेकांनी त्याच उन्हाळ्यात नवा झुबका काढला. ठेव होती, आणि ती पुन्हा भरून काढायला पाच-सहा महिने कडक ऊनही होतं.

तेवढीच इजा थंड उन्हाळ्याच्या देशात झाली तर? झाड ठेव मोडून नवी पानं काढतं. गारव्यामुळे कोंब यायलाच ऑगस्ट उजाडतो. पानं टणक व्हायच्या आत शरद येतो आणि पहिल्या दहिवरात, म्हणजे गोठलेल्या दवात, ती पुन्हा करपतात. मुद्दल गेलं, व्याज आलंच नाही. पुढच्या वर्षी खोडात त्याहून कमी शिल्लक. पहिल्या हिवाळ्यात तगलेलं झाड तिसऱ्या हिवाळ्यात जातं ते असं, आणि तो तिसरा हिवाळा कदाचित तिन्हींत सौम्यही असतो.

उष्ण प्रदेशात सायकस दर वर्षी झुबका काढतं. थंड ठिकाणी दोन-तीन वर्षांतून एकदा. म्हणजे थंड प्रदेशात एक हिरवी झावळी वाचवणं ही हौस नाही, झाडाची कमाई वाचवणं आहे. पिवळी पडायला लागलेली जुनी पानं टापटिपीसाठी कापून टाकणाऱ्यांनी थोडा धीर धरावा. जोवर पानात हिरवेपणा आहे तोवर ते कमावतंय.

याउलट सगळीच परदेशी झाडं उष्णतेची भुकेली नसतात. टास्मानिया आणि आग्नेय ऑस्ट्रेलियातला वृक्षनेचा, डिक्सोनिया अंटार्क्टिका, गार, ओलसर, सावलीच्या उन्हाळ्यात खूश असतो. त्याला कोरडं ऊन सोसत नाही. सायकॅडला मारणारं हवामान त्याला मानवतं. 'उष्ण प्रदेशातली झाडं' असा एकच गठ्ठा बांधून सगळ्यांना सारखी वागणूक दिली की निम्मी बाग जाणारच.

'पण ही तर डायनासोरांच्या काळातली झाडं!'

खरं आहे, सायकॅडचे जीवाश्म 25 कोटी वर्षांहूनही जुने सापडतात. त्यावरून 'एवढं सोसलं, मग एका हिवाळ्याचं काय' असा युक्तिवाद केला जातो. तो टिकत नाही. एक तर डायनासोरांच्या काळातलं जग आजच्यापेक्षा बरंच उबदार होतं. दुसरं, 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासातून असं दिसलं की आज जिवंत असलेल्या बहुतेक जाती गेल्या सव्वा कोटी वर्षांच्या आतबाहेर घडल्या आहेत. घराणं पुरातन, माणसं नवी. कोणती जात किती थंडी सोसेल हे घराण्याच्या वयावरून कळत नाही, तिच्या मूळ जागेच्या हिवाळ्यावरून कळतं.

'हवामान तापतंय, मग आता काळजी कशाला?'

सरासरी तापमान वाढतंय आणि त्याचे परिणाम बागांमध्ये दिसतात. चिनी पाम ट्रॅकीकार्पस फॉर्च्युनी दक्षिण स्वित्झर्लंडच्या तिचिनो भागात जंगलात आपोआप पसरला. इतका, की स्वित्झर्लंडने सप्टेंबर 2024 पासून त्याच्या विक्रीवर बंदी घातली.

पण झाड सरासरीने मरत नाही. इंग्लंडच्या नैऋत्येला असलेल्या सिली बेटांवरच्या ट्रेस्को बागेचंच बघा. अटलांटिकच्या उबदार प्रवाहाच्या कृपेने ऑगस्टस स्मिथ यांनी 1834 नंतर तिथे दक्षिण गोलार्धातली झाडं उघड्यावर वाढवली. जानेवारी 1987च्या बर्फाने आणि गोठवणाऱ्या थंडीने त्यांतली बेसुमार झाडं मारली. सावरासावर चालू असतानाच जानेवारी 1990च्या वादळाने वारा अडवणारी मोठी झाडं आडवी केली. बाग पुन्हा उभी राहिली, पण जिथे सगळं वर्षानुवर्षं सुरळीत चालतं तिथेही एक आठवडा हिशेब बिघडवतो.

शिवाय लवकर येणारा वसंत ही निखळ चांगली बातमी नाही. मार्च उबदार गेला की झाड तयारी मोडतं, कोंब सोडतं, आणि एप्रिलची एक रात्र सगळं खाऊन टाकते. एप्रिल 2021 मध्ये फ्रान्सच्या द्राक्षबागांचं नेमकं हेच झालं. शतकानुशतकं तिथल्याच असलेल्या वेलींची ही गत, तर पाहुण्यांची काय कथा!

बागेतली योग्य जागा

निरभ्र, वारा पडलेल्या रात्री जमीन आपली उष्णता आकाशात सोडते आणि जमिनीलगतची हवा सर्वांत गार होते. ही गार हवा जड असते. ती उताराने खाली वाहते आणि खोलगट जागी, कुंपणाच्या भिंतीमागे साचते. म्हणून बागेतला सर्वांत सखल कोपरा नाजूक झाडासाठी सर्वांत वाईट. त्याउलट घराची दक्षिणेकडची (दक्षिण गोलार्धात उत्तरेकडची) जाड भिंत दिवसा तापते, रात्री ऊब परत देते, आणि वरचं पुढे आलेलं छप्पर आकाशही झाकतं आणि पाऊसही अडवतं. सायकॅडसाठी याहून बरी जागा नाही. एकाच बागेत दहा पावलांच्या अंतरावर दोन-तीन अंशांचा फरक पडू शकतो. साधा कमाल-किमान थर्मामीटर घेऊन एक हिवाळाभर वेगवेगळ्या कोपऱ्यांत ठेवून बघा, मग खड्डा खणा.

पांघरूण घालायचं कसं?

आधी कसं घालू नये ते सांगतो. प्लॅस्टिकचा कागद झावळ्यांना थेट गुंडाळून महिनोन्‌महिने ठेवायचा नाही. आत वाफ धरते, थेंब ठिबकतात, आणि थंडीपासून वाचवलेलं झाड कुजतं.

सायकसचं काम साधारण असं चालतं. थंडीच्या तोंडाशी, दोन-चार कोरडे दिवस साधून, आधी शेंड्यातली पडलेली पानं आणि कचरा बोटांनी काढायचा. तिथे ओला पालापाचोळा राहिला की कुज तिथूनच सुरू होते. झावळ्यांची टोकं टोचतात, हातमोजे घालावेत. मग झावळ्या हळूहळू वर उचलून सुतळीने सैल बांधायच्या. खोडाभोवती कोंबड्यांच्या जाळीचं गोल कडं उभं करायचं आणि त्यात कोरडा पेंढा भरायचा, दाबून नाही, हवा राहील असा. त्यावर बागकामाचं पांढरं, हवा खेळतं राहणारं कापड, म्हणजे फ्लीस, दोन-तीन पदरी. सगळ्यांत वर पाऊस अडवायला एक तिरकी ताटली किंवा पत्रा. बाजू उघड्या. या सगळ्यात वरचं छप्पर सर्वांत जास्त कामाचं आहे. वेळ नसेल तर पेंढा सोडा, छप्पर सोडू नका.

थंडीची लाट येणार असेल तर काही जण आत जुन्या काचेच्या दिव्यांची माळ सोडतात. त्यांची थोडी ऊब पुरते. एलईडीची माळ लावून काही उपयोग नाही, ती नुसती शोभेची.

वृक्षनेच्याचा जीव शेंड्यात असतो. खोड म्हणून जे दिसतं त्याचा बराचसा भाग मुळांचाच असतो. म्हणून त्याच्या शेंड्यात मूठभर पेंढा ठेवून त्याचीच पानं वरून आत मुडपायची. केळींमध्ये म्यूसा बासजू सर्वांत सोपी. दहिवरात तिची पानं काळी पडली तरी जमिनीतला गड्डा जाड आच्छादनाखाली जिवंत राहतो आणि वसंतात मुनवे फुटतात. मात्र दिसायला तिच्याहून देखण्या आफ्रिकी एन्सेटेला सहसा मुनवे येत नाहीत. तिचा पोंगा गोठला की खेळ संपला. ती शरदात उपटून, पानं छाटून, कोरड्या आणि न गोठणाऱ्या जागी आत ठेवावी लागते.

कुंडीत लावून आत नेलं तर प्रश्न मिटतो का?

अर्धा. लंडनच्या क्यू उद्यानातलं एन्सेफलार्टोस अल्टेनस्टायनी फ्रान्सिस मॅसन यांनी 1775 मध्ये दक्षिण आफ्रिकेतून आणलं. काचेखाली, कुंडीत, ते आजही जगतंय. एवढ्या काळात त्याने शंकू (सायकॅडला फुलाऐवजी येतो तो) धरल्याची नोंद आहे ती 1819ची. म्हणजे पद्धत चालते, फक्त घाई असणाऱ्यांसाठी नाही.

कुंडी बाहेरच ठेवणं हे जमिनीत लावण्यापेक्षा जास्त धोक्याचं. जमिनीला खालून ऊब मिळते, कुंडी चारी बाजूंनी गारठते, आणि मुळं पानांपेक्षा नाजूक असतात. आत न्यायचं तर दिवाणखान्यात हीटरजवळ नको. तिथे हवा कोरडी, उजेड अपुरा. लाल कोळी, खवले कीड आणि पिठ्या ढेकूण यांना ती जागा फार आवडते. झाडाला मात्र ऊब आहे पण उजेड नाही अशी विचित्र अवस्था सोसावी लागते आणि त्यात कोंब आलाच तर पानं लांबुळकी, लुळी निघतात. 5 ते 10 अंशांची, उजेडाची, गार खोली किंवा काचघर उत्तम. पाणी अगदी कमी, माती आतून वाळल्यावरच. काचघरात पाण्याने भरलेली दोन-तीन पिंपं ठेवली तर गोठण्याच्या वेळी ते पाणी बरीच उष्णता सोडतं आणि पारा शून्याजवळ थोपवून धरायला मदत होते.

वसंतात बाहेर काढताना आधी दोन आठवडे सावलीत ठेवा. आतली पानं थेट उन्हात भाजतात. उन्हाळ्यात खत द्या, पण उन्हाळा सरताना थांबवा, उशिरा आलेली कोवळी वाढ थंडीचा पहिला घास होते. नवी पानं आखडलेली, पिवळट आणि टोकांना जळल्यासारखी आली तर ती बहुधा मँगनीजची कमतरता असते. गार, ओल्या किंवा चुनखडीच्या मातीत ती जास्त दिसते.

सायकॅडचे सर्व भाग विषारी असतात, बिया सर्वांत जास्त. चघळण्याने कुत्री दगावतात. घरात कुत्रं किंवा रांगतं मूल असेल तर कुंडी त्यांच्या वाऱ्यालाही नको.

घेताना कागद पाहा

सायकॅड हा जगातल्या सर्वांत संकटात असलेल्या वनस्पतिगटांपैकी एक आहे आणि चोरटी तोड हे त्याचं एक मोठं कारण. एन्सेफलार्टोस वुडीचं जंगलात सापडलेलं एकच झाड, तेही नर, 1895 मध्ये जॉन मेडली वुड यांच्या नजरेस पडलं. मादी आजवर मिळालेली नाही. आज जगभर जी वुडी आहेत ती त्या एकाच नराच्या खोडाला फुटलेल्या पिल्लांपासून वाढवलेली. वन्यजीव व्यापाराच्या साइटिस करारात सगळी सायकॅड येतात आणि एन्सेफलार्टोसच्या सर्व जाती सर्वांत कडक यादीत आहेत. बियांपासून रोपवाटिकेत वाढवलेलं, कागदपत्रांसह मिळणारं रोपच घ्यावं. जाड, जुनं, वणव्याच्या खुणा असलेलं खोड स्वस्तात मिळत असेल तर ते कुठून आलं असेल याचा विचार करा आणि पुढे चला.

मेलं की जिवंत, कसं ओळखायचं?

सगळ्या झावळ्या तपकिरी झाल्या म्हणजे झाड गेलं असं नाही. पांघरूण काढल्यावर शेंडा आणि खोड अंगठ्याने दाबून पाहा. घट्ट असेल तर आशा आहे. मऊ लागलं, आंबूस वास आला, तर कुज किती खोल आहे ते पाहावं लागेल. मऊ भाग धारदार सुरीने पांढरी, घट्ट ऊती लागेपर्यंत कापायचा, ताम्रयुक्त बुरशीनाशक लावायचं आणि कापलेली जागा छपराखाली कोरडी राहू द्यायची. शेंडा गेला तरी खोडाच्या बाजूने पिल्लं फुटू शकतात. त्याला एक उन्हाळा लागेल, कदाचित दोन. तोवर पाणी बेताचं आणि खत अजिबात नाही, कारण पानं नसलेलं झाड ते वापरूच शकत नाही.